कुळागराच्या वरचा बोगदा: सोन्याची खाण की आणखी काही?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा: गोव्यात, सत्तरी तालुक्यात तुमच्या कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात, माणूस वाकून जाईल एवढा जुना बोगदा आहे. पावसाळ्यात त्यातून येणाऱ्या पाण्यात पिवळे चमकते कण दिसतात. आजोबा म्हणायचे, ‘ही पोर्तुगीजांची सोन्याची खाण.’ हे खरं असेल का, आणि कण सोन्याचे आहेत की नाहीत ते कसं ओळखायचं, असं तुम्ही विचारलं आहे.

मी भूवैज्ञानिक आहे. नोकरीची पहिली काही वर्षं गदगच्या बाजूला सोन्याच्या शोधमोहिमेवर गेली, पुढची पंचवीस डिचोली आणि सांगे भागात लोहखनिजावर. असे बोगदे बरेच पाहिले, आणि प्रत्येकाबरोबर एक आजोबांची गोष्टही ऐकली. त्या गोष्टींना मी कधी हसलो नाही, कारण बोगदा तर खराच असतो. कुणीतरी घाम गाळून तो खोदलेला असतो.

तुम्ही दोन प्रश्न एकत्र बांधले आहेत. कण कशाचे आहेत, हा एक. बोगदा कुणी आणि कशासाठी खोदला, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर घरी बसून पाच मिनिटांत मिळतं. दुसऱ्याचं उत्तर बोगद्याच्या आत शोधायचं नसतं, ते तोंडाबाहेर टाकलेल्या दगडांत असतं. लोक नेमकं उलटं करतात. कण दिसले की टॉर्च घेऊन आत शिरतात. तुम्ही शिरू नका, कारण पुढे सांगतो.

जागा न पाहता माझा अंदाज विचाराल तर कण अभ्रकाचे आणि बोगदा पाण्यासाठी खोदलेला. पण हा अंदाजच आहे, आणि तो कशावर अवलंबून आहे हे सांगायला हवं. तुमचा वाडा सत्तरीत नेमका कुठे? सुर्ल, चोर्लेच्या बाजूला घाटमाथ्यावर असाल तर पायाखाली दख्खनचा काळा कातळ आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात गारेचे सुंदर स्फटिक मिळतात, सोन्याच्या शिरा मिळत नाहीत. मग इथेच विषय संपला. पण वाळपईच्या आसपास, वागेरीच्या पायथ्याला किंवा म्हादईच्या खालच्या खोऱ्यात असाल तर खडक फार जुने आहेत, आणि मग प्रश्न नीट विचार करण्यासारखा आहे.

गोव्याचे हे जुने खडक धारवाड समूहातले. आपल्याकडच्या थरांना भूवैज्ञानिकांनी आपल्याच गावांची आणि डोंगरांची नावं दिली आहेत: बार्शे, सावर्डे, डिचोली, वागेरी. त्यांच्याही खालचा, अनमोड घाटातला पट्टेदार नाइस (खोलात दाबाने आणि उष्णतेने बदललेला खडक) तर सुमारे ३४० कोटी वर्षांचा. मूळ ‘धारवाड’ हे नाव रॉबर्ट ब्रूस फूट या सर्वेक्षकाने १८८० च्या दशकात दिलं. कोलार, हट्टी, गदग या कर्नाटकातल्या सगळ्या सोनखाणी याच मोठ्या कुटुंबातल्या खडकांत आहेत. शिमोग्याकडून वायव्येला येणारा धारवाडी पट्टा थेट गोव्यात उतरतो. म्हणजे तुमच्या डोंगराचे सोयरे सोन्याचे आहेत. त्यामुळे ‘गोव्यात सोनं? काहीतरीच!’ असं म्हणून तुमचा प्रश्न उडवून लावणारा माणूस खडक वाचलेला नाही.

तरीही सोयऱ्याच्या घरी सोनं आहे म्हणून आपल्या घरी असेलच असं नाही. ते कसं जमा होतं हे पाहिलं की कळेल. समुद्रतळावर ओतलेला लाव्हा आणि गाळ पुढे जमिनीच्या हालचालीत खोल दाबला जातो, तापतो. त्यातलं पाणी गंधक आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन बाहेर पडतं आणि भेगांच्या वाटेने वर सरकतं. खडकात विखुरलेलं सोनं गंधकाच्या सोबतीने त्या गरम पाण्यात विरघळतं. वाटेत लोहाने भरलेला खडक भेटला की गंधक लोहाकडे जातं आणि पायराइट तयार होतो, म्हणजे लोह-गंधकाचं, सोन्यासारखं पिवळं चमकणारं खनिज. सोबत सुटलेलं सोनं तिथेच बसतं, बरोबर गारगोटीची शीर असते. धारवाडातलं बरंचसं सोनं असं सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी बसलं. गोव्यात लोहाचे खडक मुबलक आहेत, त्यामुळे सोनं अडवणारा बांध आहे म्हणा. पण बांध असून भागत नाही, पाणीही यावं लागतं. मोठ्या, खोल जाणाऱ्या, पुन्हा पुन्हा फाटलेल्या भेगांची पट्टी लागते.

आता आकडे बघू. साध्या खडकाच्या एका टनात सरासरी ४ मिलिग्रॅमच्या आसपास सोनं असतं, म्हणजे जवळपास काहीच नाही. खाण चालायला टनामागे काही ग्रॅम हवेत. समजा ४ ग्रॅम. म्हणजे निसर्गाने आधीच हजारपट गोळा करून ठेवलेलं असायला हवं. तुमचा बोगदा ३० मीटर लांब, दीड मीटर उंच आणि एक मीटर रुंद आहे असं धरा. ४५ घनमीटर खडक, साधारण १२० टन. त्यात सोन्याची शीर वीतभरही नाही, १० सेंटिमीटर जाड. म्हणजे धातू असलेला दगड १२ टन, आणि त्यातलं सगळंच्या सगळं सोनं निघालं तरी ४८ ग्रॅम. चार तोळ्यांच्या आसपास! एवढ्यासाठी १२० टन कातळ फोडायचा. म्हणून एकच छोटा बोगदा हा सोनखाणीचा पुरावा ठरत नाही. फार तर कुणीतरी चाचपून पाहिलं आणि सोडून दिलं, एवढंच तो सांगू शकतो.

या हिशेबातून आणखी एक प्रश्न निघतो. ते १२० टन गेले कुठे? दहा टनी ट्रक धरला तर बारा ट्रक दगड. तुमच्या बोगद्याच्या तोंडाखाली उतारावर एखादा गवत उगवलेला उंचवटा आहे का? असेल तर तुमचं उत्तर तिथे पडून आहे.

हे मी गदगला शिकलो. तिथे कप्पतगुड्डच्या डोंगररांगेत सोडून दिलेल्या छोट्या सोनखाणी आहेत. सत्तरीपासून पक्षी उडेल तसं मोजलं तर पावणेदोनशे किलोमीटरच्या आत-बाहेर. जालगार नावाचे लोक पावसानंतर तिथल्या नाल्यांची वाळू लाकडी काठवटीत धुऊन सोन्याचे कण काढत. आपल्याकडे सोनाराच्या दुकानाबाहेरची माती धुणारे झारेकरी करतात तसंच काहीसं, फक्त इथे दुकान डोंगराचं. फूट यांनी १८७४ मध्ये या डंबळच्या डोंगरांवर लिहिलं. पुढे वायनाडमध्ये १८८० च्या सुमारास लंडनहून कंपन्यांची रीघ लागली आणि काही वर्षांत सगळा फुगा फुटला. कोलारने मात्र खरंच सोनं दिलं. कोलारचं यश पाहून लोक धारवाडकडे वळले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कबुलायतकट्टी, होसूर या ठिकाणी खाणीत उतरायच्या उभ्या विहिरी खोदल्या गेल्या, दगड कुटायच्या गिरण्या बसल्या, आणि कबुलायतकट्टीचा कारभार दहा-बारा वर्षांत आटोपला. तिथल्या एका खाणीचं नाव आजही ‘सांगली’ आहे. गदगजवळ सांगली कुठून आली? शिरहट्टीचा मुलूख पटवर्धनांच्या सांगली संस्थानात होता म्हणून. पहिल्यांदा नकाशावर ते नाव वाचलं तेव्हा मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं होतं.

त्या खाणी का बंद पडल्या हे जागेवर उभं राहिलं की दिसतं. शिरा पातळ आहेत आणि तुटक. दोन हात जाड झालेली शीर दहा पावलांवर दोऱ्याएवढी होते आणि मग नाहीशी होते. सोन्याचा काही भाग आर्सेनोपायराइट या आर्सेनिक असलेल्या गंधकी खनिजाच्या आत अडकलेला असतो, पारा लावून तो सुटत नाही. वर खोदताना दगड गंजलेला, मोकळा असतो, सोनं सहज मिळतं. भूजलाखाली गेलं की ताजा गंधकी दगड लागतो आणि हिशेब बिघडतो. सोनं संपलं म्हणून खाण बंद पडते असं लोकांना वाटतं. बहुतेक छोट्या खाणी सोनं शिल्लक असताना बंद पडतात, कारण ते काढायला लागणारा खर्च त्या सोन्याहून मोठा होतो.

तिथे माझे पहिले वरिष्ठ मला महिनाभर कुठल्याही विवरात उतरू देत नव्हते. रोज सकाळी एकेका ढिगाऱ्यावर बसवायचे आणि म्हणायचे, ‘दगड वेगळे कर.’ गारगोटी एका बाजूला, गंजके दगड दुसऱ्या, साधे खडक तिसऱ्या. संध्याकाळपर्यंत त्या तीन ढिगांवरून आत काय असेल ते सांगायचं. महिन्याच्या शेवटी मला कळू लागलं की खोदणारा माणूस नको असलेलं बाहेर टाकतो, पण काय हवं होतं त्याचा माग त्या टाकलेल्यातच राहतो.

तर तुमच्या ढिगाऱ्याकडे येऊ. सोन्यासाठी खोदलं असेल तर फुटकी गारगोटी भरपूर मिळेल, मुठीएवढी, सुपारीएवढी, मुद्दाम कुटून बारीक केलेली. तिच्यावर गंजाचे तांबूस-पिवळे डाग आणि मुंगीने पोखरल्यासारखी चौकोनी भोकं दिसतील. तिथे पूर्वी पायराइट होता, तो कुजून गेला. जवळच्या कातळावर वाटीसारखे गुळगुळीत खळगे असतील तर ते दगड कुटण्याचे असू शकतात, तो फार मोलाचा पुरावा. शिवाय जुनं सोनकाम क्वचितच नीट बोगद्यासारखं असतं. शीर जिकडे वळली तिकडे माणूस वळला, त्यामुळे अरुंद, तिरकी, कपारीसारखी फट राहते. हट्टीला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची कामं सापडली आहेत, खडक आगीने तापवून मग फोडलेली, आणि तीही अशीच शिरेच्या मागे मागे खोल गेलेली.

ढिगाऱ्यात काळे, जड, हात काळे करणारे दगड असतील तर ते मँगनीज. रिवण, सांगे भागात अशी जुनी कामं बरीच, सत्तरीत कमी. काळ्या-तांबड्या पट्ट्यांचे जड दगड असतील तर लोहखनिज. पोर्तुगीज काळात १९०६ च्या कायद्याखाली खाणींची शेकडो कन्सेशन (खनिज काढायचे सरकारी हक्क) दिली गेली, आणि खनिज खरंच आहे का हे पाहण्यासाठी लहान बोगदे, खड्डे, चर खोदले जात. माझ्या मते आजोबांच्या गोष्टीतला ‘पोर्तुगीज’ बहुधा इथून आला. आजोबांनी खाण म्हटलं ते खरंच असेल, सोनं मागून चिकटलं असेल.

आणि ढिगाराच नसेल, किंवा नुसती माती आणि जांभ्याचा चुरा असेल, तर बोगदा पाण्याचा. कासरगोड, दक्षिण कन्नडकडे याला सुरंग म्हणतात. डोंगरात आडवं खोदत जायचं आणि ओल्या थराला भिडलं की थांबायचं, पाणी आपल्या पायाने चालत बाहेर येतं. अशा बोगद्याचा तळ बाहेरच्या बाजूला किंचित उतरता असतो आणि तोंडाशी तळी किंवा पाट असतो. तुमचा बोगदा कुळागराच्या बरोबर वर आहे, त्यातून पाणी येतं, हे तुम्हीच लिहिलं आहे. पोफळी कशावर जगल्या याचा विचार करा. असं असेल तर ती तुमच्या पूर्वजांची उत्तम कारागिरी आहे, आणि माझ्या लेखी सोन्याच्या फसलेल्या खड्ड्यापेक्षा जपण्यासारखी.

एक शक्यता राहिली. आत भिंती सरळ आणि खोली चौकोनी असेल तर हातही लावू नका, पुरातत्त्व खात्याला कळवा. हरवळे, लामगाव, खांडेपारची लेणी आपल्याच मुलखात आहेत.

गावाच्या नावावरून मात्र काही ठरवू नका. सत्तरीत सोनाळ आहे, सोनशी आहे. सोनशीत खाणी झाल्या त्या लोखंडाच्या.

आता कण. एक कण पांढऱ्या बशीत घ्या आणि टाचणीने दाबा. पापुद्रे सुटले, लवचिकपणे वाकून परत सरळ झाले तर अभ्रक. चुरा झाला तर पायराइट. सोनं दोन्ही करत नाही. ते मऊ आहे, दबतं, चपटं होतं आणि तसंच राहतं. पायराइटचा तुकडा पांढऱ्या, न चकाकणाऱ्या चिनी मातीवर घासला तर हिरवट काळी रेघ उमटते, सोन्याची रेघ पिवळीच. शिवाय सोनं पाण्याच्या १९ पट जड, पायराइट पाचपट, अभ्रक जेमतेम तिप्पट. वाहत्या पाण्यात तरंगत येणारे, उन्हात लखलखणारे कण तुम्ही पाहिलेत ना? सोनं असं मिरवत नाही. ते काळ्या वाळूच्याही खाली, खाचेत जाऊन बसतं, आणि सावलीतही तेवढंच पिवळं दिसतं.

टाचणीच्या परीक्षेत कण पास झाला तरच पुढे प्रयोगशाळा. इथे माझी एक चूक सांगतो. गदगच्या दिवसांत एकदा गारगोटीचे नमुने घाईने बारीक करायचे होते, आमचं यंत्र बिघडलं होतं. मी गावातल्या सोनाराकडून खलबत्ता मागून आणला आणि त्यात दगड कुटले. निकाल आला तो डोळे दिपवणारा. दोन आठवडे आम्ही त्या शिरेवर चर खोदले, मजुरी दिली, वरिष्ठांना अहवाल गेला. दुसऱ्या खेपेचे नमुने स्वच्छ यंत्रातून गेले आणि सोनं गायब. खलबत्त्याच्या तळाला बसलेलं सोनाराचं सोनं मी मोजलं होतं. तेव्हापासून नमुना हातात धरताना अंगठी काढून ठेवतो, आणि दर काही नमुन्यांमागे एक सोनं नक्की नसलेला दगड मुद्दाम पाठवतो, प्रयोगशाळेला न सांगता. त्यात सोनं निघालं तर बाकी सगळे आकडे रद्द. तुम्हालाही हेच सांगेन: सोनाराला दाखवायला हरकत नाही, पण कुटायला देऊ नका. आणि एका नमुन्याच्या आकड्यावर काही बांधू नका. सोनं खडकात सारखं पसरलेलं नसतं, एकच दाणा एका पिशवीत आला की ती पिशवी लखपती आणि शेजारची रिकामी.

आत का जायचं नाही, ते आता. चिखली खडक आणि जांभ्यातला जुना बोगदा पावसाळ्यात फुगतो आणि ऑक्टोबरात ऊन पडलं की छत सुटतं. गंधकी दगड गंजताना हवेतला प्राणवायू खातो, त्यामुळे आत दहा पावलांवर हवा श्वास घेण्याजोगी नसू शकते, आणि ती वासाने कळत नाही. माणूस आधी बसतो, मग पडतो, आणि त्याला काढायला गेलेला दुसराही पडतो. खाली पाण्याने भरलेला खड्डा असेल तर तळ आणि पाणी टॉर्चमध्ये सारखेच दिसतात. तोंडाशी काट्याची गडगी घाला, मुलांना सांगून ठेवा. आणि खरंच सोन्याची शीर निघालीच तरी, जमीन तुमच्या नावावर असली तरी परवान्याशिवाय खनिज काढणं गुन्हा आहे. तेव्हा खोदून पाहू असा विचार नको.

माहिती मिळवायला खोदावं लागत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे ‘भूकोश’ या त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येतात. तुमच्या वाड्याखाली कुठला थर आहे ते तिथे कळेल. पणजीच्या खाण व भूगर्भ खात्यात आणि पुराभिलेख खात्यात जुन्या कन्सेशनची कागदपत्रं मागून पाहा. गावाचं नाव, हद्द आणि मुख्य म्हणजे खनिजाचं नाव शोधायचं. पोर्तुगीजमध्ये लोखंड ‘फेर्रो’, मँगनीज ‘मांगानेझ’, सोनं ‘ओउरो’. पोर्तुगीज वाचणारं जुनं माणूस गावात असेल तर त्याला बरोबर न्या. आणि घरात जुने सर्व्हेचे कागद, पाण्याच्या वाटणीचे करार असतील तर तेही काढा. सुरंग असेल तर त्याच्या पाण्यावरून कधीतरी भांडण झालेलं असणार आणि ते कुठेतरी लिहिलेलं असणार.

पाऊस थांबला, उतार वाळला की ढिगाऱ्यावरचे दहा-बारा दगड उचला, निवडून नाही, डोळे मिटून हाताला येतील ते. प्रत्येक फोडून ताज्या बाजूचा फोटो घ्या, शेजारी रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल. बोगद्याच्या तोंडाचा एक फोटो समोरून, एक बाजूने, आणि कुळागराकडे जाणारा पाट दिसेल असा एक. ते पाठवलेत की मी अंदाज सोडून नीट सांगू शकेन. आजोबांनी ही गोष्ट कुणाकडून ऐकली हे घरातल्या कुणाला आठवत असेल तर तेही लिहा.